पेरू देशाचा भूगोल आणि हवामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत आपण एक सोपा नियम शिकतो: विषुववृत्ताजवळ गरम, तिथून लांब गेलं की थंड. पेरू हा देश विषुववृत्ताला जवळजवळ टेकून सुरू होतो आणि १८ अंश दक्षिणेच्या आसपास संपतो. म्हणजे अख्खा देश उष्ण कटिबंधात. तरीही तिथे पावसाचा थेंब दुर्मीळ असलेलं वाळवंट आहे, बारमाही बर्फाची शिखरं आहेत आणि घनदाट जंगलही आहे. भूगोल शिकवताना मुलांनी मला जे प्रश्न विचारले, आणि पुढे प्रवासाला निघालेल्या ओळखीच्या मंडळींनी जे विचारले, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते: पेरूतल्या कुठल्याही गावाचं हवामान समजून घ्यायचं असेल, तर नकाशातला अक्षांश नंतर बघा. आधी ते गाव समुद्रसपाटीपासून किती उंच आहे आणि अँडीज या पर्वतरांगेच्या कुठल्या अंगाला आहे ते विचारा.

पेरू नेमका कुठे आहे आणि केवढा आहे?

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम काठावर. उत्तरेला इक्वेडोर आणि कोलंबिया, पूर्वेला ब्राझील, आग्नेयेला बोलिव्हिया, दक्षिणेला चिली आणि पश्चिमेला प्रशांत महासागर. क्षेत्रफळ १२,८५,२१६ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीहून थोडं जास्त. ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यानंतर खंडातला हा तिसरा मोठा देश. लोकसंख्या मात्र ३.४ कोटींच्या आसपास, आपल्या राज्याच्या एक तृतीयांशही नाही. त्यातले जवळपास एक कोटी लोक एकट्या लिमा या राजधानीत राहतात.

या देशाचा आपल्या पेरूच्या फळाशी काही संबंध आहे का?

हा प्रश्न प्रत्येक वर्गात पहिला येतो. नावांचा संबंध नाही. फळाचं मराठी नाव पोर्तुगिजांच्या 'पेरा' या शब्दावरून आलं असं मानतात, आणि त्या शब्दाचा अर्थ नाशपाती. देशाचं नाव 'बिरू' या शब्दाचं स्पॅनिश तोंडात झालेलं रूप समजलं जातं. पनामाच्या दक्षिणेकडचा कुणी स्थानिक सरदार किंवा तिथला प्रदेश या नावाने ओळखला जाई. मात्र पेरूचं झाड मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचंच आहे. त्यामुळे फळ त्या बाजूचंच, फक्त नाव वेगळ्या वाटेने आलं.

समुद्राला लागून असूनही पेरूचा किनारा वाळवंट का आहे?

पणजी विषुववृत्ताच्या १५ अंश उत्तरेला आहे, नाझ्का हे पेरूतलं गाव जवळपास तेवढंच दक्षिणेला. दोन्ही ठिकाणी पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला डोंगर. एकीकडे जूनमध्ये आभाळ फाटतं, दुसरीकडे वर्षानुवर्षं छत्रीची गरज पडत नाही. असं का होतं?

पहिलं कारण वाऱ्याची दिशा. आपल्याकडे ओलावा अरबी समुद्रावरून येतो, सह्याद्रीला धडकतो, कोकण भिजवतो, आणि पलीकडे माण-खटाव कोरडं राहतं. पेरूत हे चित्र उलटं आहे. तिथे ओलसर वारे पूर्वेकडून, अटलांटिक आणि ॲमेझॉनच्या जंगलावरून येतात. अँडीजच्या पूर्व उतारावर धो धो पाऊस पडतो आणि डोंगर ओलांडेपर्यंत वारे कोरडे होतात. म्हणजे किनाराच पर्जन्यछायेत सापडतो. माण तालुका उचलून थेट समुद्रकाठी ठेवावा तसं.

दुसरं कारण खुद्द समुद्र. पेरूच्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे हंबोल्ट नावाचा थंड प्रवाह वाहतो. शिवाय वारे पृष्ठभागावरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतात आणि त्याची जागा घ्यायला खोल समुद्रातलं गार पाणी वर येतं. हिवाळ्यात (तिथले ऋतू आपल्या उलटे, म्हणजे जूनच्या पुढे) लिमाजवळच्या समुद्राचं तापमान १६-१७ अंशांपर्यंत उतरतं. त्यावरची हवा खालून गार आणि वरून उबदार, अशी उलटी मांडणी होते. गार हवा जड असल्याने वर चढत नाही, आणि हवा वर चढल्याशिवाय पाऊस पडत नाही. ढग तयार होतात, पण ते झाकणासारखे नुसते वर बसून राहतात.

म्हणजे लिमात नेहमी कडक ऊन असतं का?

नाही, आणि जाणाऱ्यांची इथेच फसगत होते. जून ते ऑक्टोबर या काळात लिमावर राखाडी ढगांचं छत असतं आणि दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. हवेत दमटपणा इतका, की स्वेटर घालूनही अंग गारठतं. कधी कधी भुरभुर पडते, तिला तिथले लोक 'गारुआ' म्हणतात. रस्ता ओला होतो, पण वर्षभराचा पाऊस मोजला तर तो जेमतेम काही मिलीमीटर भरतो. डिसेंबर ते मार्च हा उन्हाळा, तेव्हा ऊन पडतं आणि पारा २६ ते २९ अंशांच्या आसपास जातो. १२ अंश अक्षांशावरच्या शहराला हे तापमान फारच सौम्य आहे. चेन्नईकर ऐकून हेवा करतील.

या धुक्यावर जगणारी एक सुंदर गोष्ट आहे. किनाऱ्यालगतच्या काही टेकड्या वर्षातले सात-आठ महिने उजाड असतात. हिवाळ्यात धुकं उतारांना टेकलं की त्या हिरव्यागार होतात आणि फुलांनी भरतात. पाऊस नाही, नदी नाही, नुसत्या धुक्यावर. त्यांना 'लोमास' म्हणतात. लिमाच्या वेशीवरच्या टेकड्यांवर जिथे नळ पोहोचलेला नाही, अशा काही वस्त्यांनी मोठ्या जाळ्या उभ्या करून याच धुक्यातलं पाणी टाक्यांत साठवलं आहे.

एक कोटी माणसांना पाणी कुठून मिळतं?

अँडीजमधून. पन्नासहून अधिक लहान-मोठ्या नद्या डोंगरातून उतरून वाळवंट चिरत समुद्राला मिळतात आणि प्रत्येक नदीकाठी शेतीचा एक हिरवा पट्टा आहे. लिमा रिमाक नदीच्या काठी आहे आणि शहराचं नावही याच शब्दावरून आलं. पण एक नदी पुरत नाही. म्हणून पर्वतरांगेच्या पलीकडचं, एरवी ॲमेझॉनमार्गे अटलांटिकला गेलं असतं असं पाणी बोगद्यातून पश्चिमेला आणलं आहे. कोयनेचं पूर्वेला निघालेलं पाणी बोगद्यातून कोकणाच्या अंगाला वळवतात, ते ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच समजेल.

देशाचे भूभाग कसे पाडतात?

शाळेच्या पुस्तकात तीन: 'कोस्ता' म्हणजे किनारा, 'सिएरा' म्हणजे डोंगराळ प्रदेश आणि 'सेल्वा' म्हणजे जंगल. किनाऱ्याचा वाटा देशाच्या जमिनीत अकरा-बारा टक्के, पण २०१७ च्या जनगणनेनुसार शंभरातले ५८ लोक तिथेच राहतात. जंगलाने जवळपास ६० टक्के जमीन व्यापली आहे आणि तिथे राहतात शंभरातले फक्त १४.

पण मला स्वतःला हावियेर पुल्गार विदाल या पेरूच्या भूगोलतज्ज्ञांची मांडणी जास्त आवडते. त्यांनी उंची, पिकं आणि स्थानिक लोकांनी आधीच दिलेली नावं यांवरून आठ नैसर्गिक प्रदेश सांगितले. शेतकऱ्याला जे कळत होतं तेच त्यांनी शास्त्रात आणलं. उदाहरणार्थ, साधारण २,३०० ते ३,५०० मीटरचा पट्टा 'केचुआ', हा मक्याचा. त्याच्या वर ४,००० मीटरपर्यंत 'सुनी', तिथे बटाटा आणि किनोआ. त्याहून वर 'पुना', गवताची थंड माळरानं, जिथे मुख्यतः लामा आणि अल्पाका चरतात. ४,८०० मीटरच्या वर 'हान्का', तिथे बर्फ. दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून एकाच खोऱ्यात काही तासांच्या चढणीत तुम्ही मक्याच्या शेतातून बर्फापर्यंत पोहोचता. डोंगरातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या उंचीवर शेतं ठेवत आली. एका पट्टीवर गारपीट झाली तरी दुसरी हाती लागावी म्हणून.

सर्वांत उंच ठिकाण कोणतं?

वास्कारान शिखर, ६,७६८ मीटर, उत्तर-मध्य भागातल्या 'कोर्दियेरा ब्लांका' म्हणजे श्वेत पर्वतरांगेत. माणसं कायम राहतात अशा ठिकाणांत ला रिंकोनादा हे सोन्याच्या खाणीचं गाव ५,१०० मीटरच्या आसपास आहे, जवळजवळ एव्हरेस्टच्या तळछावणीइतकं उंच. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. कुस्को शहर ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे एकावर एक दोन कळसूबाई ठेवल्या तरी शहराचा चौक त्याहून वरच राहतो.

उंचीचा त्रास होतो का?

होतो. त्याला तिथे 'सोरोचे' म्हणतात: डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं, दोन जिने चढून धाप लागणं. धडधाकट तरुणालाही होऊ शकतो, त्याचा ताकदीशी संबंध नाही. लिमाहून विमानाने तासाभरात थेट कुस्कोला उतरणं हे शरीरावर अचानक टाकलेलं ओझं आहे. माचू पिच्चू हे इंका लोकांचं प्राचीन नगर कुस्कोपेक्षा खाली आहे, २,४३० मीटरवर, हे बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून उतरल्यावर आधी २,८०० मीटरच्या आसपासच्या उरुबांबा खोऱ्यात दोन रात्री काढाव्यात, माचू पिच्चू बघावं आणि कुस्को शेवटी ठेवावं. पहिल्या दिवशी जेवण हलकं, पाणी भरपूर, धावपळ नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणं आवश्यकच आहे. तिथे कोकाच्या पानांचा चहा सर्रास देतात आणि तो कायदेशीर आहे, पण ती पानं भारतात आणू नका. आपल्याकडे त्यांना बंदी आहे.

एल निनो म्हणजे काय, आणि त्याचा पेरूशी आणि आपल्या पावसाशी काय संबंध?

या पानावरचा मला सर्वांत जवळचा प्रश्न. एल निनो हे नाव पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी दिलं. दरवर्षी नाताळच्या सुमारास समुद्राचं पाणी थोडं कोमट होई, म्हणून त्यांनी त्या प्रवाहाला 'एल निन्यो', म्हणजे बाळ येशू म्हटलं. काही वर्षी हे कोमट पाणी नाताळानंतरही हटत नसे, महिनोन्‌महिने मुक्काम ठोकत असे, आणि जाळी रिकामी येत. पुढे हे नाव फक्त अशा वर्षांना राहिलं.

एरवी प्रशांत महासागरावर व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि कोमट पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. पाऊस तिकडे पडतो, पेरूकडे गार पाणी वर येतं. हे वारे ढिले पडले की कोमट पाणी पूर्वेकडे परत सरकतं. मग पेरूच्या वाळवंटात मुसळधार पाऊस कोसळतो, आणि इकडे भारतावर हवा खाली बसू लागते आणि मान्सून कमजोर होण्याची शक्यता वाढते. १९९७-९८ च्या एल निनोत उत्तर पेरूतल्या सेचुराच्या वाळवंटात एवढं पाणी साचलं की तिथे एक विस्तीर्ण तळं तयार झालं. मातीच्या विटांची घरं, सपाट छपरं, कोरड्या ओढ्यांत वसलेल्या वस्त्या. ज्या प्रदेशात पाऊसच नसतो तिथली घरं पावसासाठी बांधलेली नसतात. त्यामुळे हानी फार होते. २०१७ मध्येही किनाऱ्यावर असाच हाहाकार झाला.

आता १९७२ हे वर्ष घ्या. महाराष्ट्रात बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की घरातली वडीलधारी माणसं खडी फोडण्याची कामं आणि सुकडी यांची आठवण काढतात. त्या दुष्काळी कामांतूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. त्याच काळात पेरूचे कोळी बंदरावर हात बांधून बसले होते. अँचोव्हेटा हा आपल्या मांदेलीच्या कुळातला लहान मासा १९७० मध्ये त्यांनी १.२ कोटी टनांहून अधिक पकडला होता. जगातली ती सर्वांत मोठी मासेमारी होती. बेसुमार पकड आधीच झालेली होती, त्यात एल निनोचं कोमट पाणी आलं आणि मासा नाहीसा झाला. १९७३ मध्ये पकड अगदी थोडक्यावर आली. माणच्या माळावरची बाई आणि चिंबोते बंदरातला कोळी यांना एकमेकांचं नावही माहीत नव्हतं, पण दोघांच्या घरातली चूल त्याच समुद्राने विझवली होती.

हे सरळ गणित मात्र नाही. १९९७ चा एल निनो प्रचंड होता आणि तरी त्या वर्षी भारतात मान्सून साधारण सरासरीएवढा झाला. २०१५ मध्ये एल निनोही होता आणि मराठवाडा होरपळलाही. पुढच्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. प्रशांत महासागराच्या दोन टोकांमधला हवेच्या दाबाचा झोका ज्यांनी शोधला ते गिल्बर्ट वॉकर भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते, आणि ते शोधत होते आपल्या मान्सूनच्या अपयशाचं कारण.

ॲमेझॉन पेरूत उगम पावते का?

हो. मारान्योन आणि उकायाली या दोन नद्या पेरूत नाउता गावाजवळ एकत्र येतात आणि तिथून पुढच्या प्रवाहाला पेरूचे लोक ॲमेझॉन म्हणतात. सर्वांत दूरचा उगम म्हणून बराच काळ अरेकिपा भागातल्या मिस्मी शिखराचं नाव घेतलं जातं. काही संशोधक मान्तारो नदीचं खोरं सांगतात. मिस्मी प्रशांत महासागरापासून फार लांब नाही, तरी तिथलं पाणी पाठ फिरवून हजारो किलोमीटरवरच्या अटलांटिकला जातं. अरबी समुद्राच्या उशाशी महाबळेश्वरला जन्मून कृष्णा बंगालच्या उपसागराला जाते, तीच तऱ्हा.

ॲमेझॉनकाठचं इकितोस हे काही लाख वस्तीचं शहर आहे, पण तिथे देशाच्या बाकी भागातून रस्त्याने जाता येत नाही. बोट किंवा विमान. बाहेर पडणारा मोठा रस्ता आहे तो सुमारे शंभर किलोमीटरवरच्या नाउतापर्यंत जातो आणि थांबतो.

भूकंप वारंवार होतात का?

होतात. पृथ्वीच्या कवचाचे जे मोठे तुकडे असतात त्यांना भूपट्ट म्हणतात; समुद्राखालचा नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेच्या भूपट्टाखाली सरकतो आहे. अँडीज त्यातूनच उभा राहिला आणि ज्वालामुखीही त्यातूनच आले. अरेकिपा शहराच्या डोक्यावर ५,८२२ मीटर उंचीचा मिस्ती ज्वालामुखी आहे आणि शहरातल्या जुन्या इमारती ज्वालामुखीतून आलेल्या पांढऱ्या दगडाच्या आहेत.

३१ मे १९७० चा भूकंप पेरू विसरलेला नाही. ७.९ तीव्रतेच्या त्या धक्क्याने वास्कारानच्या उत्तर शिखरावरून बर्फ आणि खडकांचा लोंढा सुटला आणि काही मिनिटांत युंगाय हे गाव गाडलं गेलं. गावाची दफनभूमी उंचवट्यावर होती. धावत तिथे पोहोचलेले काही जण वाचले. त्या भूकंपात सगळी मिळून सुमारे ७०,००० माणसं गेली. जुनं युंगाय पुन्हा उकरलं नाही. ती जागा आता स्मृतिस्थळ आहे.

तिथले हिमनग वितळत आहेत, हे खरं का?

पर्वतावरच्या बर्फाला हिमनदी म्हणू या, हिमनग समुद्रात तरंगतात. आणि हो, खरं आहे. जगातल्या उष्ण कटिबंधातल्या हिमनद्यांपैकी सुमारे ७० टक्के पेरूत आहेत आणि १९६० च्या दशकापासून त्यांचं निम्म्याहून अधिक क्षेत्र गेलं आहे. कोरड्या महिन्यांत किनाऱ्याच्या नद्यांना याच बर्फाचा आधार असतो, त्यामुळे हा प्रश्न थेट शेताच्या पाटापर्यंत येतो.

टिटिकाका सरोवराबद्दल काय माहीत असावं?

३,८१२ मीटर उंचीवर, सुमारे ८,३०० चौरस किलोमीटर, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात विभागलेलं. एवढ्या पाण्यामुळे काठची थंडी थोडी सौम्य होते आणि म्हणूनच तिथे शेती टिकली. उरू लोक तोतोरा या लव्हाळ्यासारख्या गवताची बेटं बांधून पाण्यावर राहतात. खालचं गवत कुजतं, तसतसे वरून नवे थर घालतात.

बटाटा खरंच पेरूचा का?

बटाट्याची लागवड सुरू झाली ती टिटिकाकाच्या आसपासच्या अँडीजमध्ये, हजारो वर्षांपूर्वी. जांभळे, लाल, पिवळे, काळपट अशा हजारो जाती तिथे आजही लावतात. आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र १९७१ पासून लिमात आहे ते याचमुळे. डोंगरातल्या बायकांनी हवामानाचाच उपयोग करून बटाटा टिकवला: रात्रीच्या कडाक्यात तो गोठू द्यायचा, दिवसा उन्हात ठेवायचा, पायांनी तुडवून पाणी काढायचं. असं काही दिवस केलं की 'चुन्यो' तयार होतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर सांडगे वाळवतात, तिथे हिवाळ्यातल्या हिमाच्या रात्रींची वाट बघतात.

भाषा, चलन, स्वातंत्र्यदिन?

स्पॅनिश मुख्य, केचुआ, आयमारा आणि इतर स्थानिक भाषांनाही त्या त्या भागात अधिकृत दर्जा. २०१७ मध्ये सुमारे १४ टक्के लोकांची मातृभाषा केचुआ होती. चलन सोल. स्वातंत्र्याची घोषणा २८ जुलै १८२१ रोजी होसे दे सान मार्तिन यांनी लिमात केली. राजचिन्हावर विकुन्या हा प्राणी, नाण्यांनी भरलेलं शिंग आणि सिंकोनाचं झाड आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी हिवतापावर घेतलेलं कडू कोयनेल याच झाडाच्या सालीतून निघत असे.

नाझ्काच्या रेषा इतकी वर्षं कशा टिकल्या?

पाऊस नाही म्हणून. गडद दगड बाजूला सारून खालची फिकट माती उघडी केली, एवढंच करून वाळवंटाच्या जमिनीवर काढलेली ती चित्रं आहेत. कोकणात एका आषाढात वाहून गेली असती. तिथे दीड हजार वर्षांहून अधिक काळ तशीच आहेत.

कुठल्या महिन्यात जावं?

डोंगरासाठी मे ते सप्टेंबर. दिवसा स्वच्छ ऊन, रात्री शून्याच्या आसपास, म्हणून लोकरीचे कपडे हवेतच. नोव्हेंबर ते मार्च तिथला पावसाळा. माचू पिच्चूला पायी जाणारी प्रसिद्ध इंका वाट फेब्रुवारीत बंद ठेवतात. लिमा आणि किनारा बघायचा तर डिसेंबर ते मार्च. एकाच सहलीत दोन्ही करायचं असेल, तर मे महिना बरा: डोंगरातला पाऊस संपलेला असतो, माळरानं अजून हिरवी असतात. पेरूचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे. तिकडून घरी फोन करायचा असेल तर सकाळी सातला करा, इकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील.